ढोलावर कापलेली दादर

परवा शहाद्याला शाळेच्या स्नेहसंमेलनात एक पाहुणे भाषण ठोकून गेले. कलेनं मन भरतं, पोट भरत नाही, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या शेजारच्या बाईनंही वाजवल्या. मला मात्र राग आला. उठून बोलावं असं फार वाटलं, पण बोलणार काय? पोट भरतं म्हणावं तर ते पुरतं खरं नाही, आणि भरत नाही म्हणावं तर ते साफ खोटं. दलसिंग पावऱ्याच्या ढोलानं आमच्या कळसाडीत कुणाचं पोट भरलं आणि कुणाचं रिकामं राहिलं, हे मी पाच वर्षं माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मला अजून त्याचा मेळ लागत नाही. जे पाहिलं ते सांगते, लावता आला तर मेळ तुम्ही लावा.

माझे सासरे रतिलाल पाटील. घरात आणि गावात त्यांना सगळे आबा म्हणत. आमच्या काळ्या रानात रब्बीची जी ज्वारी होते तिला आम्ही दादर म्हणतो. माघ लागला की ती कापणीला येते आणि ती कापायला सातपुड्यातून माणसं उतरतात. धडगावच्या वरच्या एका पाड्यातली वीस-बावीस माणसं दर वर्षी आमच्याकडे येत. जामसिंग नावाचा त्यांचा मुकादम त्यांना घेऊन येई. गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत त्यांचा मुक्काम असे. रोजंदारी ठरलेली, वर एक वेळची भाकरी आमच्या घरून. ती भाकरी भाजायचं काम माझ्याकडे, त्यामुळे कोण किती खातो आणि कोण लाजून कमी खातो, हे मला पाठ होतं. आमची दादर झाली की गावातल्या आणखी चार घरांची कापून ही टोळी होळीच्या दोन-तीन दिवस आधी परत जाई. होळीआधी त्यांच्याकडे भोंगऱ्या बाजार भरतो. वर्षाचं मीठ, लुगडं, धोतर, सगळं तिथंच घ्यायचं. वर्षभरातला रोख पैसा म्हणाल तर हा एवढाच.

दलसिंग या टोळीतला. चाळिशीचा, उंच, हसरा आणि कामाला यथातथाच. विळा त्याच्या हातात कधी शोभला नाही. त्याची बायको कालीबाई चपळ होती, तिच्यामागे तो कसाबसा ओळ पुरी करी. अठ्ठावन्न साली तो आला तो पाठीवर भला मोठा ढोल बांधून. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "लगीनले उना का कापनीले?"

"घर बंद शे, पाटील," दलसिंग म्हणाला. "तठे ठेवा तर उंदरं चामडं खाई टाकतीन."

घरी ही माणसं पावरी बोलतात, आमच्याशी अहिराणी. अहो-जाहो त्यांच्यात नाही. पाटील असो की मामलेदार, सगळ्यांना तू.

तिसऱ्या दिवशी दलसिंगच्या पायात सड घुसला. सड म्हणजे कापलेल्या ताटाचं टोकदार खुंट, ते तळव्यात आरपार गेलं. मी हळद भरून फडकं बांधलं, पण त्याला उभं राहता येईना. बांधावर बसून राहिला. काम न करता भाकरी खायची याची त्याला इतकी लाज वाटली की दुपारी त्यानं ढोल मागवला. "काम करता येस नही, म्हनीसन वाजाडस," असं मला म्हणाला आणि काठी उचलली.

मी भाकऱ्यांची टोपली घेऊन तिथंच उभी होते. ढोल घुमला आणि वावरातली बावीस माणसं एकदम ताठ झाली. मग वाकली ती अशी वाकली की विळे दिसेनात. बायकांनी गाणं उचललं, ओळ एका दमात पुढे सरकायला लागली. कुणी पाणी प्यायला थांबलं नाही, कुणी बिडी पेटवली नाही. दीड दिवसाचं काम संध्याकाळच्या आत उरकलं. आबा बांधावरून खाली-वर फिरत होते आणि त्यांना काही सुचत नव्हतं.

संध्याकाळी मी दलसिंगला विचारलं, हे काय झालं. त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. त्यांच्याकडे कुणाचं घर बांधायचं असलं, कुणाचं शेत निंदायचं असलं की तो लाह बोलावतो. लाह म्हणजे सगळा पाडा येऊन काम करून जातो, मजुरी नाही, फक्त जेवण. उद्या दुसऱ्यानं बोलावलं की हा त्याच्याकडे जातो. तिथं ढोल वाजतो, आणि ढोल वाजतोय तोवर हातातलं हत्यार खाली ठेवायचं नाही. असा कुणाचा हुकूम नाही. ठेवणाऱ्यालाच लाज वाटते, एवढंच. आमच्या वावरात ढोल ऐकला आणि त्यांच्या हातांना लाह आठवली. पाटलाची रोजंदारी आणि लाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हातांना कोण सांगणार?

आबांनी दलसिंगला जखमी असून पुरी मजुरी दिली. दुसऱ्या दिवशी दीडपट दिली. दहा दिवसांची दादर सहा दिवसांत कापून झाली. दोंडाईच्याच्या बाजारात सगळ्यांच्या आधी आमची गाडी पोचली आणि भाव चांगला लागला. आबांनी खूश होऊन टोळीला गुळाची ढेप दिली. मग गावातले बाकीचे चार शेतकरीही ढोल मागू लागले. दलसिंगचा पाय बरा झाला तरी त्याला विळा धरायला कुणी सांगेना. होळीला बारा दिवस होते आणि गावात कापायला एक ताट उरलं नव्हतं. टोळी गात-नाचत परत गेली. मीही वेशीपर्यंत गेले होते. मला तर ते सगळं फार छान वाटलं होतं.

पहिला ओरडला तो चुनीलाल दुकानदार. टोळी असेपर्यंत त्याच्याकडे रोज तेल, मिरची, बिडी, शेव खपायची. तो ओट्यावर येऊन आबांवर डाफरला, "नऊ दिन आधी टोळी गयी, मन्ही गिऱ्हाइकी बुडनी. त्या ढोलले आग लावा." आबा पोट धरून हसले. आम्ही सगळेच हसलो. चुनीलाल कंजूष, त्याचं कोण मनावर घेणार? आता आठवलं की स्वतःचीच चीड येते, कारण त्या दिवशी गावात एकट्या त्यालाच खरं काय ते कळलं होतं.

होळी झाली आणि आठवडाभरानं जामसिंग मुकादम, दलसिंग आणि कालीबाई असे तिघं आमच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. जामसिंगचा चेहरा उतरलेला होता. भोंगऱ्या बाजारात मीठ घेतल्यावर कुणाकडेच पैसे उरले नव्हते. लुगडी नाहीत, धोतरं नाहीत. पाड्यानं एकच अर्थ काढला की मुकादमानं पैसे खाल्ले. जामसिंगनं शपथा घेतल्या, त्या कुणाला पटल्या नाहीत. म्हणून आबांच्या तोंडून खरं ऐकवायला तो या दोघांना घेऊन आला होता.

आबांनी सांगितलं की जामसिंगनं एक पैसा खाल्लेला नाही, जितके दिवस भरले तितक्यांचे पैसे दिले. कालीबाईला ते पटेना. ती सरळ समोर येऊन उभी राहिली.

"वावर तेच," ती म्हणाली, "दादर तीच, मानसं तीच. मंग पैसा कोठे गया?"

आबा पानाचा डबा उघडून सुपारी शोधू लागले. त्यांना ठाऊक होतं, हे मला तेवढ्यावरून कळलं. चुनीलाल तिथंच बसला होता. तो म्हणाला, "ढोलनी खादा."

दलसिंग हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग चुनीलालनं त्याला बोटांवर मोजून समजावलं, इतके दिवस लागायचे, इतकेच लागले. दलसिंग ऐकत राहिला आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. जामसिंग सुटला, पण दलसिंग अडकला. मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्यानं मला विचारलं, "बाई, मी खराब वाजाडं का?"

"नाही, दलसिंगभाऊ. फार चांगलं वाजवलंत."

"चांगलं वाजाडं तर घर रिकामं कसं व्हयनं?"

मी सातवी शिकलेली, घरात मला हुशार समजत. तरी मी नुसता त्याचा तांब्या पुन्हा भरून दिला.

दुसऱ्या वर्षी आबांनी आधीच निरोप धाडला. दलसिंगनं ढोल घेऊन यावं, त्याला दुप्पट मजुरी. शेजारच्या गावातल्या पितांबर पाटलांनी तोवर दुसऱ्या पाड्याची ढोलवाली टोळी सांगून ठेवली होती. म्हणजे ढोल आणला तर दिवस कमी, न आणला तर कामच नाही. दलसिंग ढोल घेऊन आला, पण मनाशी एक युक्ती ठरवून आला. ती त्यानं फक्त कालीबाईला सांगितली होती. ढोल वाजवायचा, पण हळू. हात सावकाश चालतील, दिवस भरतील, पाटीलही खूश.

पहिल्या दिवशी सकाळी त्यानं बांधावर बसून एक ठोका दिला. थांबला. मग दुसरा दिला. वावरातली माणसं थबकली. त्यानं तिसरा दिला आणि एक म्हातारी विळा टाकून मटकन खाली बसली आणि गळा काढून रडायला लागली. बघता बघता सगळ्या बायका रडू लागल्या. पुरुष बांधाकडे धावत सुटले.

"कोन मरी गया?" जामसिंग ओरडत आला. "कोना निरोप उना?"

त्यांच्याकडे ढोल असा सावकाश वाजतो तो फक्त कुणी मेल्यावर. हे दलसिंगला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? जन्मभर तोच वाजवत आला होता. पण युक्तीच्या नादात त्याच्या ते डोक्यातच आलं नाही. कुणी मेलं नाही, मी सहज हळू वाजवत होतो, असं तो सांगत राहिला. कुणी ऐकून घेईना. मेल्याशिवाय असा ठोका कुणी देतं का? दोघं जण तर घरी काय झालं ते बघायला धडगावच्या वाटेला लागले, त्यांना जामसिंगनं मैलभरावरून परत आणलं. अर्धा दिवस बुडाला आणि आबांनी तो कापून घेतला. मला हसू येत होतं आणि दलसिंगच्या तोंडाकडे पाहून रडूही येत होतं. त्याच्या ढोलाला दोनच चाली येत होत्या, एक कामाची आणि एक मरणाची. मधली चाल त्यानं कुठून आणायची?

तोडगा काढला तो कालीबाईनं. त्याच संध्याकाळी ती आबांपुढे आली. "दिनना पैसा नको, पाटील. वावरना पैसा दे."

म्हणजे उक्तं काम. पूर्ण शेताचे इतके, मग ते किती का दिवसांत कापोत. आबांनी घासाघीस केली, पण आबा अगदी दगड नव्हते. गेल्या होळीची ती ओट्यावरची गोष्ट त्यांनाही कुठंतरी टोचत असावी. आठ दिवसांच्या हिशेबानं सौदा ठरला. शेत सहा दिवसांतच झालं, आणि दोन दिवस टोळीच्या पदरात पडले. बाकीच्या चार घरांनीही तसंच केलं. त्या वर्षीच्या होळीला कालीबाईनं चांदीचे वाळे घेतले. पुढच्या वर्षी जाता जाता टोळीनं चुनीलालच्या दुकानातून कापड नेलं, तेव्हा चुनीलालनं दलसिंगला स्वतःच्या हातानं पानसुपारी दिली. पाड्यात दलसिंगला जामसिंगच्या वरचा मान मिळाला. दोन वर्षं मीही अगदी निर्धास्त होते. सगळ्यांचं भलं झालं, आता यात न कळण्यासारखं काही राहिलं नाही, अशी माझी समजूत झाली होती.

मग माझ्या भाकऱ्या कमी व्हायला लागल्या. बावीस माणसांच्या वीस माणसांच्या झाल्या, वीसच्या अठरा. शेत तेवढंच, माणसं कमी. मी जामसिंगला विचारलं, ती रडणारी म्हातारी कुठं आहे? तो म्हणाला, घरी आहे. आणि तो रात्रभर खोकणारा नवल? तोही घरी. आणि गेल्या वर्षी दिवस गेलेली ती पोर? तीही. सुरुवातीला मला वाटलं, आजारी असतील. नंतर उमजलं. पैसे शेताचे मिळत होते, ते जितक्या कमी माणसांत वाटायचे तितका वाटा मोठा. पूर्वी रोजंदारीत म्हाताऱ्या माणसाचा हात मागे पडला तर शेजारची बाई दोन ताटं जास्त कापून त्याची ओळ आपल्यात घेई, पैसे पाटलाचे जात होते, हिचं काय जात होतं? आता मागे पडणारा सगळ्यांच्या वाट्यातून खात होता. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. फक्त निघताना त्यांना बोलावणं जात नव्हतं.

बासष्ट साली कालीबाई आली ती ओळखू येईना. पावसाळाभर हिवतापानं तिला पिळून काढलं होतं. हातपाय काटकुळे झाले होते, वाळे घोट्यावरून घसरून टाचेपर्यंत येत होते. दलसिंगची बायको म्हणून तिला कुणी नको म्हणालं नाही. मी तिला म्हटलं, तू माझ्याबरोबर भाकऱ्या थापायला बस. तिनं ऐकलं नाही. शेताचा सौदा तिनं केलेला, ती शेतात जाणारच.

चौथ्या दिवशी मी टोपली घेऊन बांधावर पोचले. दलसिंग वाजवत होता. सोळा माणसं झरझर पुढे निघून गेली होती, गाणं पार त्या टोकाला ऐकू येत होतं. मधेच उभ्या दादरीचा एक पट्टा राहिला होता आणि त्याच्या तोंडाशी कालीबाई एकटी वाकलेली. एक ताट कापी, गुडघ्यावर हात टेकी, पुन्हा एक कापी. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका तिची ओळ तशीच सोडून गेल्या होत्या. तिनं मान वर करून बांधाकडे पाहिलं. दलसिंगनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता थांबेल. तो थांबला नाही. ढोल चालत राहिला, पट्टा लांब होत राहिला. मला त्याचा त्या वेळी भयंकर राग आला, आणि तो थांबला असता तर सोळा जणांचे विळे थांबले असते हेही मला दिसत होतं. मी टोपली खाली ठेवली आणि पट्ट्यात शिरले. पाटलाच्या सुनेनं विळा धरला म्हणून नंतर घरात बोलणी खाल्ली. आम्हा दोघींची ती ओळ पुरी होईपर्यंत ऊन उतरलं.

पुढच्या वर्षी टोळी आली तेव्हा ढोल भाईदास नावाच्या एका तरुणाच्या पाठीवर होता. दलसिंगनं तो त्याला देऊन टाकला होता. दलसिंग मागून आला, कमरेला विळा, आणि बरोबर कालीबाई. जामसिंग तिला आणू नको म्हणाला होता. दलसिंग म्हणाला होता, ती येणार, आणि मी तिच्या शेजारच्या ओळीत राहणार. आबांनी त्याला बोलावून दुप्पट मजुरीची लालूच दाखवली. त्यानं मान हलवून नाही म्हटलं. सगळी कापणीभर ती दोघं सर्वांच्या मागे राहिली. ती थकली की तो तिच्या ओळीत शिरे, आणि त्याला विळा तसाही कधी जमला नव्हता. भाईदास चांगला वाजवायचा, जरा जास्तच जोरात.

वाटणी आमच्या ओट्यावर झाली. जामसिंगनं प्रत्येकाला एकेक वाटा दिला आणि दलसिंग-कालीबाईला दोघांत मिळून एक. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "जामसिंगभाऊ, या माणसाच्या ढोलावर तुम्ही चार वर्षं होळी केली."

जामसिंगनं मान वर केली नाही. "दोन्हीस्नी मिळीसन एकनीच ओळ कापी, बाई," तो म्हणाला. "मी काय करू?"

दलसिंगनं तो एक वाटा घेतला आणि कालीबाईच्या पदरात टाकला. रागावलेला दिसला नाही. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, ढोल का सोडलात? इतका मान होता, दुप्पट पैसे होते. त्यानं कमरेचा विळा काढून हातात घेतला.

"त्या दिन मी तिले मांगे पडताना देखं," तो म्हणाला. "वाजाडत ऱ्हायनू. मन्हा हात थांबना नही का मीच थांबाडा नही, ते मले आजबी समजत नही, बाई. विळाना हात मले थांबाडता येस."

तेवढ्यात कालीबाईनं पदराची गाठ मारली आणि ती उठली. टोळी केव्हाच पुढे निघून गेली होती, भाईदासचा ढोल वेशीपलीकडे वाजत होता. ती दोघं मागून तिच्या चालीनं निघाली.